हृदय रक्ताने भरलेलं असतं, मग त्याला वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला?

प्रश्न:
हृदयातून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त जातं. तरी कॉरोनरी धमनी (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी) तुंबली की हृदयाचा स्नायू उपाशी कसा राहतो? आतलं रक्त त्याला चालत नाही का? आणि चालताना छातीत दुखतं, थांबलं की कमी होतं, ते कशामुळे?

प्रतिसाद १:
अडचण अंतराची आहे. रक्तातला ऑक्सिजन पेशींपर्यंत झिरपत जातो आणि तो पोचतो ०.१ मिलिमीटरच्या आसपास. डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत असते जवळपास १ सेंटीमीटर जाड. म्हणजे कप्प्यातल्या रक्तावर आतला पातळ पापुद्रा तेवढा जगतो, बाकी स्नायूला केशवाहिन्यांचं (अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचं) जाळंच लागतं. उजव्या बाजूच्या रक्तातला ऑक्सिजन तर शरीराने आधीच बराच काढून घेतलेला असतो.

म्हणून महाधमनीच्या (हृदयातून शरीराकडे निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) अगदी बुडाशी, झडपेच्या लगेच वर, दोन कॉरोनरी धमन्या फुटतात. विश्रांतीत त्यांतून मिनिटाला २२५ ते २५० मिली रक्त जातं.

प्रतिसाद २:
यात वेळेचा मुद्दाही आहे. डावं निलय आकुंचन पावताना आपल्याच भिंतीतल्या वाहिन्या दाबून टाकतं, त्यामुळे तिथे बहुतेक रक्त प्रसरणाच्या वेळी, म्हणजे स्नायू सैल पडतो तेव्हा, पोचतं. उजव्या निलयात दाब जेमतेम २५ मिमी पारा, तिथे पुरवठा दोन्ही वेळी चालू राहतो.

मिनिटाला ठोके ७५ असतील तर एका ठोक्यात आकुंचन ०.२७ सेकंद, प्रसरण ०.५३. ठोके २०० झाले की ०.१६ आणि ०.१४. मिनिटाचा हिशोब मांडा: प्रसरणाचा वेळ ४० सेकंदांवरून २८ वर येतो, तोही नेमकी गरज वाढलेली असताना. पहिला फटका सर्वांत आतल्या थराला बसतो, कारण तिथेच दाब सर्वाधिक.

प्रश्नकर्ता:
मग त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घ्यायचा ना? पायाच्या स्नायूंना जमतं की.

प्रतिसाद १:
खरी गोम तिथेच आहे. हृदय बसल्या जागीसुद्धा रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतं. सबंध शरीराची सरासरी २५ टक्के. शिल्लक फारशी उरतच नाही, तेव्हा प्रवाहच वाढवावा लागतो. निरोगी हृदयात तो चार-पाच पट वाढतो, कारण अडेनोसीनसारखे पदार्थ बारीक धमन्या सैल करतात. मोठी धमनी अरुंद झाली की या बारीक धमन्या विश्रांतीतच सैलावून बसतात. नेहमीचा प्रवाह टिकतो, पण राखीव ताकद संपते. म्हणूनच व्यास ७० टक्क्यांनी घटला तरी बसल्या जागी अनेकदा काहीच जाणवत नाही आणि जिना चढताना मात्र दुखतं.

प्रतिसाद ३:
बीटा-ब्लॉकर या औषधांचा उपयोग यावरून कळेल: ठोके मंदावतात, गरज घटते, प्रसरणाला वेळ मिळतो. उलट महाधमनीची झडप गळकी असेल तर प्रसरणातला दाब उतरतो आणि कॉरोनरी स्वच्छ असूनही छातीत दुखू शकतं.

एक मात्र लक्षात ठेवा. श्रम नसताना सुरू झालेलं, थांबून राहूनही न ओसरणारं दुखणं म्हणजे गुठळीने धमनी बंद झाल्याची शक्यता. तेव्हा वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.