पासवर्ड वहीत लिहावेत का? मी म्हणतो, खुशाल लिहा

रात्रपाळी

अठरा वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली. "पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नका" हे लोकांना सांगायचाच पगार घेतला म्हणा ना. गेल्या महिन्यात साताऱ्याला आईकडे गेलो तर तिचं जीमेल उघडेना. तिने देव्हाऱ्याखालच्या खणातून दुधाच्या हिशेबाची वही काढली आणि मागच्या बाजूने उघडली. 'जीमेल' असं लिहून खाली सहा ओळी. पाच खोडलेल्या, सहावीपुढे 'हा नाही', आणि समासात पेन्सिलीने 'बहुतेक हा'. वीजबिल, रेल्वे, औषधांचं दुकान, सगळीकडे नातवाचं नाव आणि पुढे १२३.

वहीचं मला काही वाटलं नाही. धडकी भरली ती त्या १२३ ने. औषधांच्या दुकानाचा डेटा फुटला की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी आपोआप शेकडो ठिकाणी लावून बघतात. एकदा जीमेल हाती लागलं की बाकी सगळीकडचे 'पासवर्ड विसरलात?' वाले मेल तिथेच येऊन पडतात. खेळ खलास. या चोराला देव्हाऱ्याखालचा खण मात्र उघडता येत नाही.

म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक पासवर्ड केला आणि तिच्याच हाताने वहीत लिहवून घेतला. जीमेलला दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नाही, फोनवरूनही खात्री करून द्यावी लागते. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर २००५ सालीच हे सांगत होते: पासवर्ड चांगला करा, कागदावर लिहा, पाकिटात ठेवा. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्तीही खुळचटच. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये हे नियम लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये स्वतःच चूक कबूल केली. सक्ती केली की लोक १२३ चं १२४ करतात, हे कुठल्याही सपोर्टवाल्याला विचारा.

तक्रार_खिडकी

साफ असहमत. मी एका बँकेत फसवणुकीच्या तक्रारी घेतो. चोर नेहमी लांबच बसलेला असतो हे कोणी सांगितलं? घरात रंगारी येतो, ब्यूरोची बाई येते, सुट्टीला भाचा येतो. आणि वही घरातच राहते हा गोड गैरसमज आहे. एका काकांनी वही हरवू नये म्हणून पानांचे फोटो काढले आणि मुलाला सोयीचं पडावं म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये २३ माणसं!

शिवाय रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही ३ कामकाजी दिवसांत कळवलंत, तर नुकसान शून्य. पण तुमच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं सगळं तुमच्याच अंगावर. पिन वहीत लिहिला होता म्हटल्यावर तुमच्या आईची बाजू कोण घेणार?

रात्रपाळी

एटीएमचा आणि यूपीआयचा पिन वहीत नाहीच. ते चार-सहा आकडे डोक्यात. हे वर लिहायला हवं होतं, माझी चूक. भाच्यासाठी एक युक्ती केली आहे: वहीतला पासवर्ड अर्धवट आहे. प्रत्येकाच्या शेवटी आई एक ठरलेलं 'शेपूट' जोडते, ते लिहिलेलं नाही. नुसती वही पळवून उपयोग नाही. ग्रुपवर फोटो टाकण्यावर मात्र माझ्याकडे औषध नाही.

कुलूपबंद

अहो, पासवर्ड मॅनेजर कशासाठी असतात? सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप, लक्षात ठेवायचा फक्त एक मुख्य पासवर्ड. बिटवॉर्डन फुकट आहे. पासवर्ड इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडमध्ये, ठेवायची भीती वाटत असेल तर कीपास आहे, त्याची फाईल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. मुख्य फायदा कोणी बोलतच नाही: मॅनेजर वेबसाइटचा पत्ता तपासून मगच पासवर्ड भरतो. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून केलेली खोटी साइट असेल तर तो गप्प बसतो. तुमची आई वहीत बघून, चष्मा लावून, एकेक अक्षर टिपून त्याच खोट्या साइटवर मनोभावे पासवर्ड भरेल.

रात्रपाळी

हा मुद्दा बिनतोड आहे. मी स्वतः मॅनेजरच वापरतो. आईला दोनदा शिकवला, दोन्ही वेळा ती मुख्य पासवर्ड विसरली.

तक्रार_खिडकी

आणि २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या, ते? पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाचं खातं कुठल्या साइटवर आहे ते उघडंच होतं.

नाना_७१

मघापासून वाचतो आहे. 'आईला', 'काकांना'... आम्ही काय कुक्कुलं बाळं? माझी वही आहे आणि ती मी मोडीत लिहितो. घरातल्या एकालाही वाचता येत नाही, सूनबाई तर डॉक्टरची चिठ्ठी समजते. पासवर्ड म्हणजे पाठ असलेल्या अभंगाची ओळ इंग्रजी अक्षरांत. या, फोडा.

आणि आमच्या सोसायटीत पैसे गेले ते वहीमुळे नव्हेत. शेजाऱ्यांना व्हॉट्सॅपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली. उघडली, मागितल्या त्या सगळ्या परवानग्या दिल्या, आणि ओटीपीचे एसएमएस परस्पर चोराकडे. लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून काही रक्कम तरी अडकवता आली. त्यांचे पासवर्ड उत्तम होते. मुलाने मॅनेजरमध्ये घालून दिले होते.

रात्रपाळी

नाना, मोडीला दंडवत. पण अभंगाची ओळ बदला. प्रसिद्ध ओळी चोरांच्या याद्यांत असू शकतात. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, कढई-पोस्टमन-गुरुवार-विळी असे काहीतरी. हेच चार नकोत, आता जगजाहीर झाले.

उंबरठा

मी वहीच्या बाजूची, आणि माझं कारण चोर नाही. बाबा अचानक गेले. सगळं त्यांच्या फोनमध्ये, फोन उघडायला त्यांच्या बोटाचा ठसा. विमा कुठे, हप्ता कुठल्या खात्यातून जातो, आईला काही माहीत नाही. एका कार्यालयाने आम्हाला पाच महिने फिरवलं. एक मळकी वही असती तर आठवड्यात सुटलं असतं. गूगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय असते: ३ ते १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवतात आणि ठरवलेला डेटा देतात. आज रात्री जेवायच्या आधी तेवढं करून टाका.

कुलूपबंद

मॅनेजरमध्येही आणीबाणीचा वारस नेमता येतो. बिटवॉर्डनमध्ये त्यासाठी पैसे भरावे लागतात, पण फार नाहीत.

उंबरठा

वारसाला ते ॲप उघडता यायला हवं ना? आई अजून मिस्ड कॉलवर दचकते.

रात्रपाळी

रविवारी पुन्हा साताऱ्याला जाऊन आलो. जीमेल व्यवस्थित उघडतंय. वही बघितली. पासवर्ड नीट, अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. आणि पहिल्याच पानावर वर 'श्री', त्याखाली लाल पेनाने चौकट करून: 'शेपूट', आणि पुढे ते शेपूट.

तक्रार_खिडकी

फोटो काढून ग्रुपवर टाकला नाही ना?