सिरियल बंद होणार काय?

(टिळकवाडी, बेळगाव, सोसायटीचा ग्रुप)

ए-१०१ आक्का: कुणी टाकलाय हा फॉरवर्ड? लेखकांचा संप, सगळ्या सिरियली बंद? आमचं साडेआठचं काय की मग?

सी-३०२: आक्का, जुनं आहे ओ ते. २०२३ चं, अमेरिकेतलं. २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत, साडेअकरा हजार लेखक.

बी-२०४ काका: १४८ दिवस! मागत काय होते?

सी-३०२: ओटीटीवर लोक परत परत बघतात, त्याचे पैसे. आणि एआयकडून लिहून घेऊन आमच्याकडं दुरुस्तीला देऊ नका म्हणून. दोन्हीत बरंच मिळवलं. रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम लगेच बंद पडले, ते रोजच्या बातमीवर रोज लिहायचं काम. ज्यांची स्क्रिप्टं तयार होती त्यांचं थोडे दिवस निभावलं. मग जुलैत नटसुद्धा संपावर. माझी 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही अमेरिकन सिरियल तिथंच अडकली. चौथा सीझन २०२२ ला, पाचवा २०२५ च्या नोव्हेंबरात. शाळेतली पोरं, तोवर बाप्ये झाले.

ए-१०१ आक्का: तीन वर्षं! मी तर कोण कुणाची जाऊ ते पण विसरले असते.

बी-२०४ काका: आपल्याकडं पण झालंय की. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत सिनेमा-सिरियलवाल्या कामगारांच्या संघटनांनी काम थांबवलं, हिंदी चॅनेलवर सगळे जुनेच भाग. आमची आई रोज म्हणायची, बघितलंय हे. तरी बघायची.

ए-१०१ आक्का: लॉकडाऊनला तसंच. म्हटलं कन्नड लावू, तर तिकडं पण शूटिंग बंद.

डी-१०३ मावशी: माझा भाचा मुंबईत संवाद लिहितो. सकाळी ९ च्या सीनचे कागद रात्री २ ला पाठवतो. पैसे ९० दिवसांनी, ते पण मागे लागून. संप कर म्हटलं तर म्हणतो, मावशी, मी थांबलो की दुसरा लिहायला तयारच आहे.

ए-१०१ आक्का: मग परवा ती सून आठवडाभर जिन्यातच उभी होती, ते त्यानंच लिहिलं होय?

डी-१०३ मावशी: लांबवा म्हणून वरून सांगतात ओ. त्याला पण कंटाळा आलेला.

सेक्रेटरी: पाणी सुटलंय. ए विंगची टाकी भरून वाहतेय. मोटर बंद करायची पाळी कुणाची?

ए-१०१ आक्का: माझीच. जाहिरात लागली की उतरते.