सुरूच्या बनात वाट चालेल, दिवे नकोत

समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांच्या बनात पेव्हर ब्लॉक आणि रात्रभरचे दिवे लावून जॉगिंग ट्रॅक करावा, अशी सूचना आली आहे. ट्रॅक मला मान्य आहे, पण पेव्हर ब्लॉक आणि दिवे अजिबात नकोत. समुद्रालगतचं बन म्हणजे नगरपंचायतीची बाग नव्हे. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी वाळूतून वर आली की जिकडे उजेड तिकडे धावतात. अंधार असेल तर तो उजेड समुद्राकडचा असतो. मागे खांब उभे केलेत की पिल्लं उलटी रस्त्याकडे येणार, आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांची चंगळ.

दुसरं, झाडं आहेत म्हणून ते जंगल होत नाही. सुरू मूळचा इथला नाहीच. त्याच्या काड्यांचा थर इतका जाड बसतो की खाली दुसरं रोप क्वचितच वर येतं, आणि एप्रिल-मेमध्ये तो पेटायला एक विडी पुरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड, दापोलीकडे सुरू धडाधड आडवे झाले. रिकाम्या जागी पुन्हा नुसता सुरू कशाला? उंडी, करंज, केवडा, निर्गुडी मिसळून लावा. आणि वाळूवर पसरणारी ती मर्यादवेल 'स्वच्छता मोहिमेत' उपटू नका हो, वाळू तीच धरून ठेवते!

वाट एकच ठेवा, मातीची, कडेला दोर बांधून. गाड्या बाहेर. प्लॅस्टिकसाठी कर्नाळा पक्षी अभयारण्यासारखी गेटवर अनामत घ्या, बाटली परत दाखवली की पैसे परत.