रोज १२० किलोमीटर: माझं मत हायब्रिड, खोडून काढा

सहावागियर (धागाकर्ता)

घर ते ऑफिस ६० किलोमीटर, परत तेवढंच. महिन्याचे २२ दिवस धरले तर २,६४० किलोमीटर. प्रत्येक फेरीत साधारण १२ किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडत, उरलेले ४८ मोकळा महामार्ग. सध्याची पेट्रोल गाडी लिटरला १४ देते. हा आकडा टाकी फुल्ल ते फुल्ल काढलाय, स्क्रीनवरचा नाही. माझी स्क्रीन एखादा किलोमीटर जास्तच दाखवते, मालकाचं मन राखायला असावं.

आता गाडी बदलायची आहे. चार गाड्या चालवून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की एवढ्या रपेटीला हायब्रिडच, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली. लिटरला २० तरी देईलच, वर चार्जिंगची कटकट नाही. आजही डिझेल घेणाऱ्यांचं आणि एवढ्या अंतराला ईव्ही (निव्वळ विजेवरची गाडी) घेणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. पटवून द्या.

काजळी

डिझेलवाला हजर. तुमचा हिशोब तुमच्याच आकड्यांनी पडतो. ६० पैकी ४८ किलोमीटर महामार्ग ना? हायब्रिडची कमाई ब्रेकमध्ये असते. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. नव्वदच्या एकसारख्या वेगात ब्रेक लावताय कुठे? तेव्हा ती बॅटरी आणि मोटर म्हणजे नुसतं सामान.

डिझेलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा, इंजिनात हवा दाबली जाते ती जास्त, आणि हवा अडवणारा थ्रॉटल जवळजवळ नसल्यातच जमा. माझी पाच वर्षं जुनी गाडी महामार्गावर २२ देते. शिवाय डिझेलचा काजळीचा फिल्टर लांब पल्ल्यातच नीट साफ होतो. तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जाऊन काजळी जळावी लागते. रोज चार किलोमीटर चालवणाऱ्यांचे फिल्टर तुंबतात आणि मग ते डिझेलला शिव्या घालतात.

सहावागियर

अर्धं मान्य. पण हायब्रिड म्हणजे नुसती बॅटरी नव्हे. बहुतेक हायब्रिडचं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबण्यापेक्षा प्रसरण जास्त मिळतं. अशा इंजिनांची कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत जाते. खालच्या वेगाला ताकद कमी पडते, ती उणीव मोटर भरून काढते. म्हणजे महामार्गावरही फायदा आहे, फक्त शहराइतका डोळ्यात भरणारा नाही.

आणि डिझेलची बाजू घेताना २०१५ विसरू नका. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये धुराची चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर सापडलं होतं. चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट.

शून्यधूर

दोघेही चुकताय. १२० किलोमीटर हे ईव्हीला घाबरायचं अंतर नाही, हे तर तिचं हक्काचं अंतर! लोक घाबरतात ते वर्षातून दोनदा होणाऱ्या ५०० किलोमीटरच्या सहलीला, आणि गाडी निवडतात त्या दोन दिवसांसाठी.

किलोमीटरला १७० वॅट-तास धरा, १२० ला साधारण २० युनिट. चार्जिंगमधली घट धरून २२-२३. तीन किलोवॅटच्या साध्या जोडणीवर सात-आठ तास, म्हणजे तुमची झोप. आता तुमची सध्याची गाडी बघा. १२० किलोमीटरला साडेआठ लिटर. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे रोज ७७ युनिट जाळताय. त्यातलं बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सर गरम करायला.

काजळी

७७ विरुद्ध २० हा आकडा फसवा आहे. वीज प्लगमध्ये उगवत नाही. निव्वळ कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. २२ युनिट म्हणजे २२ किलो. पेट्रोल लिटरमागे २.३ किलो सोडतं. धागाकर्त्यांच्या हायब्रिडला रोज ६ लिटर लागतील, म्हणजे १४ किलोच्या आत. शून्यधूर हे नाव तेवढं बदला!

शून्यधूर

नाव राहील. पेट्रोल तरी पंपात उगवतं का? तेल काढणं, वाहून आणणं, शुद्ध करणं यात आणखी साधारण पाचवा हिस्सा वाढतो, म्हणजे तुमचे १४ चे १७ झाले. आणि सगळी वीज कोळशाचीच, हे सगळीकडे खरं नाही. तरी एवढं कबूल करतो की जिथे जवळजवळ सगळी वीज कोळशावर आहे तिथे कार्बनच्या बाबतीत चांगली हायब्रिड ईव्हीला मागे टाकू शकते. गावभर धूर होत नाही हा फायदा तरीही उरतो.

बाटलीवाला

सीएनजीचं कोणीच बोलत नाही? मी चार वर्षं वापरतोय, किलोला २६. सोडा हायब्रिड-बिब्रिड.

वजाबाकी

बाटलीवाले, किलो आणि लिटर एकाच तराजूत घालू नका. एक किलो सीएनजीमधली ऊर्जा साधारण १.४ ते १.५ लिटर पेट्रोलइतकी असते. तुमचे किलोला २६ म्हणजे लिटरला १८ च्या आसपास. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. सीएनजीचा फायदा जिथे असतो तिथे गॅस स्वस्त असल्यामुळे असतो, इंजिनामुळे नव्हे.

इथेनॉल कोणी काढण्याआधीच सांगतो: लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज पडतं. ब्राझीलमध्ये फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्यांचे मालक पंपावर सोपा हिशोब करतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरायचं.

आता धागाकर्त्यांना. आपण सगळे 'लिटरला किती' विचारतो, तिथेच गंडतो. १४ वरून २० वर गेलात तर महिन्याला ५७ लिटर वाचतील. २० वरून २६ वर गेलात, तेवढीच सहाची उडी, तर फक्त ३०. वरचे आकडे दिसायला मोठे, बचत निम्मी. म्हणून २० देणारी हायब्रिड की २२ देणारी डिझेल या भांडणात फार दम नाही, महिन्याला १२ लिटरचा फरक आहे. खरी उडी १४ वरून उठण्यात आहे. त्यातली थोडी तुमच्या उजव्या पायात आहे. महामार्गावर किती ठेवता?

सहावागियर

१०० ते ११०. सगळेच ठेवतात.

वजाबाकी

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. वेळ किती वाचतो? ४८ किलोमीटरला १०० ने २९ मिनिटं, ८० ने ३६. सात मिनिटांसाठी हा उपद्व्याप.

बाटलीवाला

८० ने गेलो तर मागचे ट्रकवाले दिवे मारून जीव घेतील. कागदावर बरं दिसतं हो. बाकी किलो-लिटरचा हिशोब पटला, पण डिकीत सिलिंडर आणि मागच्या सीटवर बॅगा, हे दुःख तुम्ही लिहिलंच नाहीत.

सहावागियर

आज डाव्या लेनमध्ये ८० ते ८५ ठेवून आलो. एका ट्रकने खरंच दिवे मारले. नऊ मिनिटं उशीर झाला, त्यातली तीन पार्किंगच्या रांगेत गेली. स्क्रीन म्हणते १७.२. एक वजा करा. खरा आकडा टाकी भरल्यावर देतो.

डिझेल डोक्यातून गेलं, ईव्ही मात्र पुन्हा आली. शून्यधूर, रात्री चार्जिंग म्हणजे प्लग गाडीच्या शेजारीच हवा ना?

शून्यधूर

अर्थात. का, तुमच्या पार्किंगमध्ये नाही?

सहावागियर

माझी जागा दुसऱ्या तळघरात, कोपऱ्यातल्या खांबामागे. वीजमीटर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. वायर ओढायला तीन शेजाऱ्यांच्या जागेवरून न्यावी लागेल, त्यातल्या एकाशी माझं बोलणं नाही.

शून्यधूर

मग हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं की राव! हायब्रिड घ्या.

काजळी

किंवा शेजाऱ्याशी बोला.