पावसाळ्यात उबोनला जाऊ नका म्हणे!

मुठेकाठ
परवा थायलंडच्या सहलींवर चर्चा चालू असताना एका सहल आयोजकाने लिहिलं, "जून ते ऑक्टोबर थायलंड करायचंच असेल तर बँकॉक आणि फुकेत करा. उबोन, खोन केन असल्या आतल्या गावांत पावसात चिखलाशिवाय काही नाही." खाली बऱ्याच जणांनी "वाचवलंत" म्हणून आभार मानलेत. हे वाचून गप्प बसवेना.

पहिली गोष्ट, नैर्ऋत्य मोसमी वारा थेट अंगावर घेणारा किनारा फुकेतचाच. त्या महिन्यांत तिथल्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाल झेंडे लागलेले असतात आणि तरी पर्यटक पाण्यात उतरून बुडतात. लोकांना तिकडे पाठवायचं आणि वर उबोनला नावं ठेवायची?

उबोन रात्चथानीचा पाऊस कोकणासारखा झड धरून बसणारा नाही. बहुतेक वेळा दुपार कलली की दाटून येतं, तास-दोन तास झोडपतं आणि उघडतं. सकाळ तुमचीच असते. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास तिथला मेणबत्त्यांचा उत्सव असतो. माणसाहून कितीतरी उंच, मेणात कोरलेले देव, नाग, जातककथांमधले प्रसंग रथांवर चढवून शहरातून मिरवतात. आधीचे काही आठवडे ते काम देवळांच्या आवारात चालतं. तिथे जाऊन बसा, कारागीर हातात मेणाची पट्टी देऊन ती चिकटवायलाही लावतात. खोंग चियामच्या पुढचा सेंग चान धबधबा खडकाला पडलेल्या भोकातून सरळ खाली कोसळतो. उन्हाळ्यात गेलात तर नुसतं भोक बघून परत यावं लागेल. आणि इसानची, म्हणजे या ईशान्य थायलंडची भातशेती तुम्हाला मार्चमध्ये बघायची आहे का?

कट्टेकरी_ठाणे
उत्सवाचे चार दिवस सोडा. मी सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, त्याचं ऐका.

साम फान बोकचे फोटो बघून गेलो. मेकाँगच्या पात्रातले खडकातले ते हजारो रांजणखळगे. तिथे पोचलो तर समोर फक्त लाल पाणी, सगळे खडक बुडालेले. खोंग चियामला मून आणि मेकाँगचा दोन रंगांचा संगम म्हणतात. पावसात दोन्ही नद्या गढूळ, रंग कुठला शोधायचा? पिबूनचे केंग सफू खडकही पाण्याखाली. मग शहरातच फिरू म्हटलं, तर मून नदी चढायला लागली. स्टेशन नदीपलीकडे वारिन चामरापला, हॉटेल तिथेच घेतलेलं. रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि आईवडील बरोबर. ज्या एजंटने हे सगळं आखून दिलं त्याने फोनच उचलला नाही. पैसे गेले ते गेलेच. तो आयोजक निदान खरं तरी बोलतोय.

मुठेकाठ
तुमच्या आईवडिलांचे हाल झाले त्याचं वाईट वाटतं. पण साम फान बोक जून ते ऑक्टोबर पाण्याखाली असतं हे तिकडे कुणीही सांगेल. ते दाखवण्याचे पैसे तुमच्या एजंटने सप्टेंबरात घेतले, तर चूक पावसाची की एजंटची? आणि जुलैचं उबोन आणि सप्टेंबरअखेरचं उबोन यात फरक आहे, तोच तर मी सांगतोय.

कट्टेकरी_ठाणे
आत्ता सांगताय. वरच्या लेखात सप्टेंबरचा स हीसुद्धा नाही.

निवृत्त_पाटबंधारे
इथे पाण्याचं गणित कुणी मांडत नाहीये, म्हणून लिहितो. उबोनच्या पुरासाठी उबोनला पाऊस पडावाच लागतो असं नाही. मून नदी कोरात, बुरीराम, सुरिनचं पाणी आणते. 'ची' नदी खोन केन, महासारखामकडचं. उबोनच्या थोडं वर दोन्ही एकत्र होतात. म्हणजे इसानच्या बऱ्याच मोठ्या भागाचं पाणी या एका शहराला वळसा घालून मेकाँगला जातं. वरचं पाणी खाली पोचायला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून आकाश निरभ्र आणि नदी चढती असं होतं. त्यात मेकाँग भरलेली असेल तर मूनचं पाणी मागे तुंबतं, फुगवटा येतो. 2019 ला हेच झालं. 2022 ला नोरू वादळाचे अवशेष लाओसमधून थेट उबोनवर आले, आधीच भरलेल्या खोऱ्यात, आणि 1978 नंतरचा सर्वात मोठा पूर आला.

आम्ही सांगलीकरांना हे शिकवावं लागत नाही.

नर्मदेकाठी
फुगवटा म्हणालात आणि पाक मून धरणाचं नाव नाही? मेकाँगपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, नदीच्या तोंडाशीच बांधलंय. 1994 ला पूर्ण झालं, 136 मेगावॅट, जागतिक बँकेचा पैसा. पावसाळ्याच्या तोंडावर मेकाँगमधले मासे अंडी घालायला मूनमध्ये चढायचे, त्यांची वाट अडवली. जागतिक धरण आयोगाने 2000 साली आपल्या अहवालासाठी याच धरणाचा अभ्यास केला, आणि त्या आयोगावर मेधाताई पाटकर सदस्य होत्या. मून-'ची' खोऱ्यात पूर्वी नोंदलेल्या माशांच्या 265 जातींपैकी धरणाच्या वर फक्त 96 सापडल्या. कोळ्यांची गावंच्या गावं देशोधडीला लागली. तुम्ही मेणबत्त्या बघायला जाता, तेव्हा तिथून तासाभराच्या अंतरावर काय झालं हेही बघून या.

निवृत्त_पाटबंधारे
मासे मान्य. माशांना धरण चढून जायला केलेली मत्स्यशिडी चालली नाही हेही मान्य. पण पूर धरणाने आणला हे सोडा. ते वाहत्या पाण्यावरचं धरण, साठा किरकोळ, आणि पुराच्या दिवसांत दरवाजे वर असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या नावाने ओरडत होता. पुढच्या वर्षी त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने सांगितलं की पूर अलमट्टीमुळे आलेला नाही. कुणी वाचला तो अहवाल? कुणी नाही. नदीच्या पूररेषेत बांधायचं आणि खाली कुठेतरी धरण शोधून त्याला शिव्या द्यायच्या!

नर्मदेकाठी
मी पूर म्हटलंच नाही, मासे म्हटलं. परत वाचा. समित्या नेमणारे कोण आणि अहवाल लिहिणारे कोण, यावर बोलायला लावू नका. पाक मूनची माणसं वर्षानुवर्षं धरणावर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे वर्षातले चार महिने दरवाजे उघडायचं ठरलं. तुमच्या खात्याने कधी कुणासाठी चार दिवस तरी उघडले का?

निवृत्त_पाटबंधारे
माझ्या खात्याचा आणि थायलंडचा काय संबंध? उभी हयात पुराच्या रात्री धरणावर काढली आहे मी. मला शिकवू नका.

मुठेकाठ
दोघांनाही हात जोडतो. अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा.

वर्षावास_नागपूर
इतकं सगळं लिहिलं गेलं, पण पावसाळा हा त्या शहराचा मुख्य काळ का आहे हे कुणी सांगितलं नाही. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने भिक्खू एका विहारात राहतात. वर्षावास. त्या मेणबत्त्या त्यासाठीच दान दिल्या जातात. आमच्या वस्तीतल्या विहारातही त्याच पौर्णिमेपासून ग्रंथवाचन सुरू होतं. मी गेले ती त्यासाठी. वारिनजवळ अजान चा या थाई भिक्खूंचा वाट (म्हणजे विहार) नोंग पा पोंग आहे, आणि परदेशी भिक्खूंसाठी 1975 साली सुरू झालेला वाट पा नानाचात. पहाटे भिक्खू ओल्या रस्त्याने अनवाणी भिक्षेला निघतात आणि बायका दारात चिकट भाताच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. भर पावसातही कुणी उठून आत जात नाही. या सगळ्याला "चिखल" म्हटलेलं मला लागलं. खडक बुडाले म्हणून तक्रार करणाऱ्यांनी कधीतरी माणसंही बघावीत.

कट्टेकरी_ठाणे
माणसं बघायला माझी ना नव्हती. आईला खांद्यावर हात देऊन पाण्यातून काढत होतो तेव्हा तिथल्याच एका माणसाने पिकअप थांबवून आम्हाला पुलापलीकडे सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. ती माणसं सोन्याची आहेत. म्हणून पूर सोन्याचा होत नाही.

डॉक्टर_मिरज
अनवाणी शब्द वाचून थांबलो. इसानच्या भातशेतीच्या ओल्या मातीत मेलिऑइडोसिसचे जंतू असतात, आणि पावसाळ्यात रुग्ण वाढतात. मधुमेह असलेल्यांना हा आजार फार जड जातो. उबोनच्या सनपासित्थिप्रसोंग रुग्णालयातच यावर अनेक वर्षं संशोधन झालंय, सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाने मृत्यू निम्म्यावर येतात हे तिथल्याच रुग्णांवर सिद्ध झालं. लेप्टोचा धोका वेगळाच. शेतात फोटो काढायला उतरायचं असेल तर गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा. आपल्याकडे हा आजार बरेचदा क्षयरोग समजला जातो.

सई_विमाननगर
मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन जायचं म्हणतेय. तिला मधुमेह आहे. जाऊ की नको, एवढंच सांगा. आणि ती शाकाहारी आहे.

मुठेकाठ
जा. पाऊस ओसरलेला असतो, सेंग चानला पाणी असतं आणि फा तेमच्या कातळसड्यावर रानफुलं येतात. आईला बूट घालूनच फिरवा. जेवणात फिश सॉस आणि आंबवलेले मासे सगळीकडे असतात, त्यामुळे सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागवताना दोन्ही नको हे थाई भाषेत लिहून दाखवा. बाजारात चिकट भात, फळं, भाजलेली केळी मिळतात.

निवृत्त_पाटबंधारे
निघायच्या आधी आठवडाभर मूनची पातळी बघत राहा. शहरातल्या पुलापाशी मोजणी केंद्र आहे, आकडे रोज जाहीर होतात. आकडा उतरत असेल तरच निघा.

कट्टेकरी_ठाणे
आणि हॉटेल उत्तर काठावर, उबोन बाजूला घ्या. वारिनकडची नदीलगतची वस्ती सखल आहे, पाणी आधी तिथे शिरतं आणि हटतंही उशिरा. मुठेकाठ, हे तुमच्या लेखात वर घाला. जुलैची हौस मी मान्य करतो, पण सप्टेंबर-ऑक्टोबरचा इशारा पहिल्या ओळीत पाहिजे.

मुठेकाठ
घालतो. पहिल्या नाही, दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत "जा" असंच राहील.