श्रद्धांजलीची घाई
'श्रद्धांजली दोन तास उशिरा वाहिली तर काय बिघडतं?' हे तुमचं म्हणणं मला अगदी पटलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असतानाच ते गेल्याच्या बातम्या फिरल्या. मी दादरला लोकलची वाट बघत होते. तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळी झाले. ते हयात आहेत, हे शेवटी त्यांच्या घरच्यांनाच जाहीर करावं लागलं. ते गेले २६ तारखेला. मधल्या दिवसांत त्या घराने काय सोसलं असेल, हे आठवलं की अजून लाज वाटते. (आईच्या आजारपणात नुसता फोन वाजला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.) आता घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी काहीच पुढे पाठवत नाही. आणि रुग्णालयातले फोटो तर कधीच नाही, माणूस कितीही लाडका असो.