ख्रिस्ती माणसाने सैन्यात शस्त्र हाती घ्यावे का?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ सैन्यात भरती होण्याच्या विचारात आहे. प्रभू येशूचा अनुयायी असताना युद्धात माणूस मारणे हे पाप ठरते का, असे त्याने मला विचारले आणि मला त्याला धड उत्तर देता आले नाही. डोंगरावरील प्रवचनात शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि गेथशेमाने बागेत पेत्राने उपसलेली तलवार प्रभूने परत म्यानात घालायला लावली. उलट, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्याकडे आलेल्या शिपायांना चाकरी सोडायला सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. कर्नेल्य या रोमी शताधिपतीला (शंभर शिपायांच्या नायकाला) बाप्तिस्मा देतानाही तशी अट घातल्याचे दिसत नाही. मंडळीने या वचनांची सांगड कशी घातली? आणि वरिष्ठांचा हुकूम होता, एवढ्यावर शिपायाची जबाबदारी संपते का?

उत्तर १

आपल्याला पडलेला पेच फार जुना आहे. तर्तुल्य आणि ऑरिजेन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचा ख्रिस्ती माणसाने रक्त सांडण्याला स्पष्ट विरोध होता. पेत्राला निःशस्त्र करताना प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला, असे तर्तुल्य म्हणतो. तरीही त्याच काळात रोमी सैन्यात ख्रिस्ती शिपाई होते. या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात पाहायच्या असतील तर इ. स. 295 मध्ये उत्तर आफ्रिकेतील नुमिडिया प्रांतात तेवेस्ते येथे चाललेला मॅक्सिमिलियनचा खटला वाचावा. हा एकवीस वर्षांचा तरुण भरतीसाठी उभा केला गेला, त्याची उंची मोजली गेली, परंतु गळ्यात शिपायाची शिशाची मुद्रा घालून घ्यायला त्याने साफ नकार दिला. सम्राटांच्या खास रक्षकदलात ख्रिस्ती लोक चाकरी करतातच की, असे अधिकारी दियोनने बजावले. त्यावर तो म्हणाला की, त्यांना काय योग्य वाटते ते त्यांचे त्यांना ठाऊक; मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येत नाही. त्याला देहदंड झाला आणि मंडळीने त्याला हुतात्मा मानले. माझ्या मते यातली मोलाची गोष्ट ही की, स्वतः जीव देतानाही त्याने चाकरीतल्या बांधवांना दोषी ठरवले नाही.

उत्तर २

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाल्यावर प्रश्नाचे रूप पालटले, कारण सीमेचे आणि दुबळ्यांचे रक्षण ही आता ख्रिस्ती माणसांचीच जबाबदारी झाली. उत्तर आफ्रिकेतील बिशप व धर्मपंडित ऑगस्टीनने योहानाच्या त्याच वचनाचा आधार घेऊन शिपायाची चाकरी मुळात पाप नाही असे मांडले. मात्र केवळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणे त्याला पटत नव्हते, आणि युद्धातले खरे पाप म्हणजे क्रौर्य, सूडाची भावना व सत्तेची हाव, असे त्याने बजावले. पुढे तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धाच्या तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. निरपराधांना लक्ष्य न करणे, होणारी हानी साध्याच्या मानाने अवाजवी नसणे आणि युद्ध हा शेवटचाच उपाय असणे, हे निकषही या परंपरेत आले.

तरीही परवानगी म्हणजे निर्दोषत्व नव्हे, आणि हे आपल्या भावाला आवर्जून सांगावे. कैसरियाचा चौथ्या शतकातील बिशप बेसिल याने युद्धातल्या हत्येला खून म्हटले नाही. परंतु अशा शिपायांचे हात स्वच्छ नसल्यामुळे त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहणे बरे, असा सल्ला दिला. मला ही भूमिका आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. नाइलाजाने केलेल्या कृत्याबद्दलही शोक करायला ती जागा ठेवते.

उत्तर ३

दुसऱ्या उत्तराशी मी आदरपूर्वक असहमत आहे. अटी कितीही काटेकोर असल्या तरी त्या लावणारा न्यायाधीश आणि लढणारा पक्षकार एकच असतो, आणि आपले युद्ध अन्यायाचे आहे असे कोणत्या राजाने कबूल केले? म्हणूनच 1527 मध्ये स्वित्झर्लंडमधील श्लाइटहाइम येथे जमलेल्या अॅनाबॅप्टिस्ट (प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेणाऱ्या) बांधवांनी तलवार शासनाच्या हाती असली तरी ती ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची आहे, म्हणजे त्याच्या अनुयायांनी ती हाती घेऊ नये, असे ठरवले. मेनोनाइट आणि क्वेकर या शांततावादी मंडळ्यांनी शतकानुशतके तुरुंगवास आणि देशत्याग सोसला, तो याच निष्ठेपायी. शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा खाजगी भांडणापुरतीच होती, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सैन्यात राहूनही शस्त्र न उचलण्याचा मार्ग धर्मदृष्ट्या टिकतो का?

उत्तर २

टिकतो, पण तो सरळ नाही. डेस्मंड डॉस या अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या अमेरिकन शिपायाने बंदूक उचलण्यास नकार दिला आणि 1945 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरील कड्यावरून सुमारे पंचाहत्तर जखमींना दोराने खाली सोडून वाचवले. दुसरीकडे, फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरसाठी लढण्यास नकार देताना रुग्णसेवा करण्याची तयारी दाखवली होती, पण 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या बिशपनेही त्याला कुटुंबाचा विचार करायला सांगितले होते. कॅथलिक मंडळीने 2007 मध्ये त्याला धन्य घोषित केले. शिवाय, बरा झालेला शिपाई पुन्हा रणात जातोच, हा आक्षेप शांततावादी बांधव रुग्णसेवेवर घेतात आणि तो खोटा नाही.

हुकुमाविषयीचा आपला प्रश्न राहिला होता. न्याय्य युद्ध मान्य करणाऱ्यांचेही याबाबत उत्तर नकारार्थीच आहे. स्पॅनिश धर्मपंडित व्हिटोरियाने सोळाव्या शतकात लिहिले की, युद्ध अन्याय्य आहे अशी ज्याची खात्री पटली आहे त्याने राजाज्ञा असली तरी लढू नये. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनेही अशा वेळी माणसांपेक्षा देवाचे भय बाळगावे असेच सांगितले. मात्र शंका असेल तर प्रजाजनाने राजाच्या निर्णयावर विसंबावे, अशी मुभा व्हिटोरिया देतो, आणि तेथे माझे मन तिसऱ्या उत्तराकडे झुकते. तेव्हा आपल्या देशात विवेकाधारित नकाराला, म्हणजे सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून लढण्यास नकार देण्याला, कायदेशीर जागा आहे का, आणि ती भरतीनंतरही मागता येते का, हे भावाने अर्जावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.